ग्रंथालयात न येणाऱ्या वाचकासाठी

"मॅडम, मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी ग्रंथपाल म्हणून काम करायचं असेल तर काय शिकावं लागतं? तशी वेगळी नोकरी असते का?" ग्रंथालयशास्त्र शिकणारी मुलं-मुली हे मला वरचेवर विचारतात. पंढरपुरातल्या एका महाविद्यालयाचं ग्रंथालय मी सांभाळते. त्याच आवारात मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र चालतं आणि रविवारी तिथे संमंत्रण सत्रं, म्हणजे मार्गदर्शनाचे वर्ग, भरतात. तिथल्या विद्यार्थ्यांसोबत नोकरीची बरीच वर्षं गेली. त्यातून जे हाती लागलं ते या वाटेवर येऊ पाहणाऱ्यांसाठी क्रमानं लिहिते आहे.

भारतात पत्रद्वारा शिक्षणाची सुरुवात 1962 साली दिल्ली विद्यापीठानं केली. 1985 मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) आलं. 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं आणि राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्या विद्यापीठाचं ब्रीद. ज्ञान घरोघरी न्यायचं ठरलं की पुस्तकांनाही घरोघरी जावं लागतं आणि ती पोचवणारं माणूसही लागतं. ते माणूस कसं घडतं, ते पुढे सांगते.

1. या नावाची जाहिरात शोधत बसू नका

'दूरशिक्षण ग्रंथपाल' असं पद जाहिरातीत सहसा दिसत नाही. मुक्त विद्यापीठाच्या मुख्यालयातलं ग्रंथालय आणि पारंपरिक विद्यापीठांचे दूरशिक्षण विभाग इथल्या जागा मोजक्याच. खरं काम गावोगावच्या अभ्यासकेंद्रांभोवती पसरलेलं आहे. ही केंद्रं बहुतेक महाविद्यालयांतच चालतात. तिथला ग्रंथपाल महाविद्यालयाच्या नोकरीत असतो आणि केंद्राच्या विद्यार्थ्यांची गरज त्याच्याच दारात येऊन उभी राहते. कुणी त्या गरजेकडे लक्ष देतं, कुणी देत नाही. लक्ष देणारा हळूहळू दूरशिक्षणाचा ग्रंथपाल होत जातो.

तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयातला कर्मचारीही या वाटेवर असतो. बहिःस्थ परीक्षा देणारी, नोकरी करत पदवी पूर्ण करणारी, स्पर्धा परीक्षेसोबत बी.ए. करणारी माणसं त्याच्याकडे येतच असतात. म्हणून ज्या ग्रंथालयात जागा मिळेल तिथे रुजू व्हा आणि ही माणसं कोण आहेत याची चौकशी पहिल्या महिन्यातच सुरू करा.

2. शिडीची प्रत्येक पायरी कामाची आहे

दहावी-बारावीनंतर जिल्हा ग्रंथालय संघामार्फत चालणारा काही महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग, पदवीनंतर बी.लिब., मग एम.लिब., त्यानंतर नेट किंवा सेट, पुढे पीएच.डी. अशी ही शिडी आहे. महाविद्यालयीन ग्रंथपाल व्हायचं तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमांनुसार ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के गुण हवेत (राखीव प्रवर्गांना सवलत आहे), सोबत नेट-सेट किंवा नियमात बसणारी पीएच.डी. हवी. या पदाचं सुरुवातीचं मूळ वेतन सहायक प्राध्यापकाइतकंच, म्हणजे 57,700 रुपये आहे. आपली सेट परीक्षा महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं.

प्रमाणपत्र वर्गाला कमी लेखू नका. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानं महाराष्ट्रात अ, ब, क, ड वर्गांची हजारो वाचनालयं अनुदानाखाली आली आणि त्यातल्या कितीतरी ठिकाणी हेच प्रमाणपत्र घेतलेला माणूस सगळा कारभार सांभाळतो. दाखल नोंदवही कशी ठेवायची, वर्गणीदाराशी कसं बोलायचं, फाटक्या पुस्तकाची बांधणी कधी करायची, हे मी तिथेच शिकले. एम.लिब.च्या पुस्तकात ते इतक्या बारकाव्यानं येत नाही.

3. स्वतः एकदा दूरस्थ विद्यार्थी होऊन पाहा

दूरशिक्षणातून शिकत असतानाच मला या कामाची खरी समज आली. दिवसभर वाचनालयात काम, रात्री स्वयं-अध्ययन पुस्तिका आणि रविवारी संमंत्रण. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणाचा सराव करायचा तर तक्त्यांचे ते जाडजूड खंड केंद्रावरच बघायला मिळत. घरी वहीत उतरवून घेतलेल्या आकड्यांवर भागवायचं. मराठी साहित्याचा 891.46 हा क्रमांक पाठ झाला, पण एखाद्या पुस्तकाचा पूर्ण वर्गांक बरोबर बांधला की चूक, हे सांगणारं शेजारी कुणी नसे.

त्या एकटेपणातून मला माझे विद्यार्थी कळले. प्रवेश घेताना त्यांचा उत्साह मोठा असतो, पुस्तिका हातात पडतात तेव्हाही असतो. नंतर काही आठवड्यांनी, पहिला गृहपाठ लिहायला बसल्यावर, धागा सुटतो. वर्गात बसणाऱ्या मुलाला शेजारचा मित्र सावरून घेतो. दूरस्थ विद्यार्थ्याला त्या वेळी कुणाचा तरी फोन आला पाहिजे. आमच्या केंद्रात गृहपाठाच्या हंगामात मी स्वतः फोन करते: "काय अडलंय? कुठलं पुस्तक हवंय?" एवढं विचारल्यानं परीक्षेपर्यंत टिकलेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत.

तुम्ही स्वतः दूरशिक्षणातून बी.लिब. करणार असाल तर प्रवेशाआधी त्या वर्षी त्या अभ्यासक्रमाला यूजीसीच्या दूरशिक्षण मंडळाची मान्यता आहे का, हे संकेतस्थळावर तपासा. पुढे विद्यार्थ्यांना हेच तपासायला तुम्ही शिकवणार आहात.

4. ज्याचं नाव पटावर नाही, तोही आपला वाचक

या कामात सगळ्यात अवघड जागा ही आहे. अभ्यासकेंद्राचा विद्यार्थी महाविद्यालयाच्या पटावर नसतो. ग्रंथालयाचं शुल्क त्यानं भरलेलं नसतं, त्याचं ओळखपत्र वेगळ्या रंगाचं असतं. इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्टसारख्या ई-संसाधनांचा करार महाविद्यालयाच्या सभासदांपुरता असतो. मग खिडकीवर उत्तर मिळतं, "तुमचं कार्ड इथे चालत नाही."

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संघटनेनं दूरस्थ विद्यार्थ्यांसाठीच्या मानकांत एक तत्त्व स्पष्ट मांडलं आहे: विद्यार्थी कुठेही राहून शिकत असो, आवारातल्या विद्यार्थ्याला मिळणाऱ्या ग्रंथसेवेच्या तोडीची सेवा त्यालाही मिळाली पाहिजे, कारण तो त्याचा हक्क आहे. हे तत्त्व समजायला पंढरपूरकराला लांब जावं लागत नाही. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून याच गावात प्राणांतिक उपोषण केलं होतं. दार कुणासाठी उघडं आणि कुणासाठी बंद, या प्रश्नावर प्राण पणाला लागलेले या गावानं पाहिले आहेत. ग्रंथालयाचं दार त्याहून लहान असेल, पण बाहेर थांबावं लागलेल्या माणसाचं दुःख लहान नसतं.

यासाठी मी प्राचार्यांकडे आणि केंद्र संयोजकांकडे लेखी प्रस्ताव दिला होता. अनामत रक्कम घेऊन केंद्राच्या विद्यार्थ्याला घरी नेण्यासाठी पुस्तकं, रविवारी ग्रंथालय उघडं आणि ग्रंथखरेदीत केंद्राच्या अभ्यासक्रमांसाठी वेगळा हिस्सा, असे त्यात तीन मुद्दे होते. पाठपुरावा पुष्कळ करावा लागला, पण तिन्ही मंजूर झाले. नव्यानं रुजू होणाऱ्यांना माझं सांगणं आहे की तोंडी विनंतीवर थांबू नका. कागद करा. कागद फाइलमध्ये राहतो आणि तुमच्यानंतर येणाऱ्याच्याही उपयोगी पडतो.

5. वाचकाचं वर्ष समजून घ्या

महाविद्यालयाचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, वाचकाचं वर्ष त्याच्या पोटापाण्यावर चालतं. आमच्या केंद्रात महाद्वाराजवळ बुक्का, अष्टगंध, तुळशीच्या माळा विकणारी तरुण मुलं आहेत. आषाढी आणि कार्तिकीला त्यांना श्वास घ्यायला सवड नसते. चैत्री आणि माघीलाही गर्दी असते. साखर कारखान्यातला कामगार गळीत हंगामात पाळीवर असतो. कासेगावकडचा द्राक्षवाला छाटणीपासून काढणीपर्यंत बागेत अडकलेला असतो. अंगणवाडी सेविका, एसटीचे वाहक, पोलीस शिपाई यांच्या कामाच्या वेळा आणखी निराळ्या. वारीच्या बंदोबस्तात असलेल्या पोलिसाला "पुस्तकाची मुदत संपली" म्हणून दंड लावण्यात काय अर्थ आहे?

आषाढीला लाखो माणसं गावात येतात, रस्ते बंद होतात, एसटी गावाबाहेरच्या तात्पुरत्या स्थानकांवरून सुटते. त्या दिवसांत मंगळवेढ्याचा किंवा सांगोल्याचा विद्यार्थी पुस्तक बदलायला येणं शक्य नसतं. त्यामुळे आम्ही वारीआधीच जास्तीची पुस्तकं देतो आणि परतीची मुदत वारीनंतरची लावतो. ग्रंथालयाचे नियम लिहिताना भिंतीवर पंचांगही असू द्या.

6. मागितलेल्या पुस्तकामागचा प्रश्न ऐका

एका अंगणवाडी सेविकेचा फोन आला होता. "मॅडम, इतिहासाचं एखादं पुस्तक मिळेल का?"
"ताई, इतिहासातलं काय हवंय?"
"सत्यशोधक समाज."
"गृहपाठात प्रश्न काय आहे, तो जसाच्या तसा वाचून दाखवा."
तिनं वाचला. सत्यशोधक समाजाच्या कार्याचं मूल्यमापन करा, असा तो प्रश्न होता. माहिती तिच्या पुस्तिकेत होतीच. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये समाज स्थापन केला, त्याची उद्दिष्टं काय होती, हे सगळं ती सांगत होती. मूल्यमापन करायचं म्हणजे लिहायचं काय, हे तिला कळत नव्हतं. पुस्तक पाठवलं असतं तरी अडचण तशीच राहिली असती. आम्ही फोनवर बोलत बसलो. उद्दिष्ट काय होतं, त्यातलं काय साधलं, काय राहिलं, असे तीन भाग तिनंच पाडले. मग मराठी विश्वकोशातली नोंद संकेतस्थळावर कशी शोधायची ते सांगितलं. उत्तर तिनं स्वतः लिहिलं.

संदर्भसेवेचं शास्त्र वर्गात शिकवतात. दूरच्या वाचकाबाबत त्याला आणखी धीर लागतो, कारण समोर चेहरा नसतो. वाचक संकोचून पटकन फोन ठेवतो. "एवढं साधं विचारलं तर मॅडम काय म्हणतील" ही भीती त्याच्या मनात असते. ती घालवणं हेच पहिलं काम. फोनवरचा तुमचा आवाज हीच त्याच्यासाठी ग्रंथालयाची पायरी असते, म्हणून घाईत फोन उचलू नका. आणि गृहपाठ कधीही लिहून देऊ नका. वाट दाखवा, चालायचं त्यालाच आहे.

7. मराठी नोंदी नीट करायला शिका

आवारातला वाचक कपाटासमोर उभा राहून पुस्तक शोधतो. दूरच्याला फक्त तालिका दिसते. नोंद चुकली तर त्याच्या लेखी ते पुस्तक ग्रंथालयात नसतंच. म्हणून कोहा किंवा सोल यांपैकी एक ग्रंथालय-संगणकीकरण प्रणाली हातात बसेपर्यंत शिका. युनिकोड देवनागरीत टंकन करा. जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या नोंदी शोधात सापडत नाहीत, त्या बदलून घ्याव्या लागतात. 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांवर 'गांव', 'नांव', 'कांहीं' असं छापलेलं असतं. वाचक 'गाव' टाकून शोधतो, तेव्हा दोन्ही रूपांनी पुस्तक सापडलं पाहिजे. पंढरपुरात संतसाहित्याचे वाचक पुष्कळ. एक 'तुकाराम' शोधतो, दुसरा 'तुकोबा', तिसरा फक्त 'गाथा'. तिघांनाही एकाच नोंदीशी नेऊन पोचवणं हे तालिकाकाराचं कसब. ते येणारा ग्रंथपाल मराठीत आजही कमी आहे, त्यामुळे या कौशल्याला मोल आहे.

8. मोबाइलवर पोचा, पण टपाल आणि एसटी सोडू नका

नॅशनल डिजिटल लायब्ररी, इग्नूचं ई-ज्ञानकोश, स्वयम्, शोधगंगा, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची मोफत ई-पुस्तकं, यांतलं कुठे काय मिळतं हे तुम्हाला तोंडपाठ हवं. ई-ज्ञानकोशातलं बहुतेक साहित्य इंग्रजी-हिंदीत आहे आणि आमचा विद्यार्थी मराठीत लिहितो. त्याला नुसता दुवा पाठवून काम संपत नाही. कुठलं प्रकरण, कुठली पानं, आणि त्याला समांतर मराठी पुस्तक कोणतं, अशी छोटी सूची करून मी पाठवते. अशी सूची केली की त्याच विषयाच्या पुढच्या तुकडीलाही ती उपयोगी पडते.

2020 च्या आषाढीला संतांच्या पादुका एसटी बसनं पंढरपुरात आल्या. कोविडच्या टाळेबंदीच्या त्या दिवसांत ग्रंथालयंही बंद होती. तोवर ज्यांनी विद्यार्थ्यांचे फोन क्रमांक, विषय आणि गावं नीट नोंदवून ठेवली होती, त्यांना त्या काळातही वाचकापर्यंत पोचता आलं. तंत्र कुठलंही वापरा, त्याआधी वाचकांची यादी हाताशी हवी.

आजही ज्याच्या गावात रेंज नीट नाही किंवा ज्याला पडद्यावर वाचवत नाही, त्याच्यापर्यंत छापील पुस्तकच जायला हवं. याला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून बडोदा संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभारली आणि तिथून पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेड्यांत फिरत असत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमही पेट्यांमधूनच चालतो. करकंब, भाळवणीसारख्या गावांतल्या विद्यार्थ्यांचे छोटे गट करून, एकाच्या नावावर पुस्तकांचा संच देऊन तो आपसांत फिरवण्याची पद्धत आम्ही तिथूनच घेतली.

छायाप्रतींबाबत कायदा वाचून ठेवा. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात 2016 साली दिल्ली उच्च न्यायालयानं शिकवण्याच्या ओघात लागणाऱ्या उताऱ्यांच्या प्रतींना मुभा दिली. त्याचा अर्थ अख्खं पुस्तक स्कॅन करून गटात टाकावं असा होत नाही. लेखक-प्रकाशकाचा हक्क सांभाळून वाचकाची गरज कशी भागवायची, हे ग्रंथपालाला कळलं पाहिजे.

9. संमंत्रकांशी नियमित बोलणं ठेवा

कुठल्या विषयाचा गृहपाठ कधी येणार, कुठलं प्रकरण मुलांना जड जातं, हे संमंत्रकाला आधी कळतं. रविवारच्या सत्राआधी त्यांच्याशी चहाच्या वेळी पाच मिनिटं बोललं की त्या आठवड्यात कुठली पुस्तकं समोर काढून ठेवायची ते समजतं. सत्राच्या शेवटी ग्रंथपालाला बोलायला वेळ मागून घ्या. विद्यार्थ्यांना तुमचा चेहरा एकदा दिसला की पुढचे फोन सोपे होतात.

10. नोंदी ठेवा, त्यातूनच पुढची वाट निघते

या वाटेवरच्या अडचणी लपवण्यात अर्थ नाही. महाविद्यालयांतली ग्रंथपालाची भरती वर्षानुवर्षं रखडते. अनेक जण सेट होऊनही कंत्राटी मानधनावर काम करतात. सार्वजनिक वाचनालयातल्या कर्मचाऱ्याचं वेतन तर त्याच्या कष्टाच्या मानानं फारच अपुरं आहे. घरची जबाबदारी असणाऱ्यानं हे जाणूनच पाऊल टाकावं आणि शिकत असताना संगणकीकरण, डिजिटायझेशन, सूचीकार्य यांतलं एखादं कौशल्य पक्कं करावं. त्यावर बाहेरची कामं मिळतात.

दूरस्थ वाचकांसाठी केलेलं काम सहसा दिसत नाही. फोनवर दिलेलं उत्तर कुठल्याच देवघेव नोंदवहीत येत नाही. म्हणून वेगळी वही ठेवा: कोणी विचारलं, कुठल्या गावातून, काय विचारलं, काय दिलं. वाचकाचं खासगीपण जपून या नोंदींवरून वार्षिक अहवाल लिहा, ग्रंथालय संघाच्या अधिवेशनात निबंध वाचा. मुलाखतीत समितीपुढे सांगायला तुमच्याकडे खरं काम असेल. पीएच.डी.चा विषयही त्या वहीतूनच निघेल. अभ्यासकेंद्रांतल्या वाचकांवर मराठीत संशोधन फार व्हायचं आहे आणि ते करायला त्या वाचकांना नावानिशी ओळखणारा माणूसच हवा.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, हा त्यातला दुसरा. त्यातल्या 'प्रत्येक' या शब्दात दुकानात उभा असलेला, पाळीवर गेलेला, बाळाला निजवून रात्री अकराला पुस्तिका उघडणारी, असे सगळे येतात. ही वाट निवडायची असेल तर उद्या आपल्या जवळच्या अभ्यासकेंद्रात जा, तिथल्या विद्यार्थ्यांना कुठली पुस्तकं मिळत नाहीत हे संयोजकांना विचारा आणि त्यातलं एक मिळवून द्या. प्रशिक्षण, पदव्या, परीक्षा यांना वेळ लागेल, पण काम उद्यापासून सुरू करता येतं. त्याला कुणाच्या नेमणूकपत्राची गरज नाही.